वास्तुशांत, तीनशे ताटे आणि पालिकेचे पुनर्वापर केंद्र

कर्नाटकात १९७९ मध्ये जकात बंद झाली, तेव्हापासून आमच्या गावच्या वेशीवरील जकात नाक्याची बैठी इमारत कुलपातच होती. दोन वर्षांपूर्वी नगरपालिकेने तिची कौले शाकारून घेतली, भिंतींना चुना दिला आणि तिथे पुनर्वापर केंद्र सुरू केले. आत तीन खिडक्या आहेत. एकीवर समारंभासाठी स्टीलची भांडी भाड्याने मिळतात, दुसरीवर घरातील जुन्या पण वापरण्याजोग्या वस्तू घेतल्या-दिल्या जातात आणि तिसरीवर ओल्या कचऱ्यापासून केलेले खत पोत्याने विकले जाते. जुने घर उतरवून नवे बांधण्याच्या निमित्ताने वर्षभरात मला या तिन्ही खिडक्यांशी काम पडले, आणि जी चौथी खिडकी असायला हवी होती तिच्या नसण्याचा फटकाही बसला. त्यामुळे हे परीक्षण एखाद्या धावत्या भेटीवर बेतलेले नाही. गाव बेळगाव जिल्ह्याच्या सीमेलगतचे, तालुक्याचे आहे, एवढेच सांगतो. नाव दिले तर पुढे लिहिलेल्या उणिवांचा जाब खिडकीवर बसणाऱ्या बायकांना विचारला जाईल, आणि त्या उणिवा त्यांच्या नव्हेत.

भांड्यांपासून सुरुवात करतो, कारण या केंद्राची सर्वांत चांगली बाजू तीच आहे. वास्तुशांतीला तीनशे माणसांचे जेवण करायचे होते. आमच्या लहानपणी अशा वेळी भांड्यांची चिंता कोणी करत नसे. मारुतीच्या देवळामागच्या खोलीत गावाची भांडी असत: पितळी पराती, तांब्याचे हंडे, भाताची पातेली, प्रत्येकावर देणाऱ्याचे नाव आणि साल कोरलेले. पुजारी वहीत लिहून भांडी देई आणि परत आली की त्या ओळीवर काट मारी. पुढे मंगल कार्यालये आली, केटरर आले, देवळाची भांडी एकेक करून मोडीत गेली आणि नंतरची वीस-पंचवीस वर्षे गावाने थर्माकोलच्या ताटांत जेवून काढली. कर्नाटक सरकारने मार्च २०१६ मध्ये प्लॅस्टिकबंदीचा आदेश काढला. थर्माकोलची ताटे-पेले आणि प्लॅस्टिकचे चमचे यांवर १ जुलै २०२२ पासून देशभरच बंदी आली. मात्र बंदीने मोकळी झालेली जागा स्टीलने घेतली नाही. ती आतून प्लॅस्टिकचा पातळ थर दिलेल्या कागदी ताटांनी घेतली. हे ताट खड्ड्यात धड कुजत नाही, रद्दीवाला त्याला हात लावत नाही, गुरे मात्र खरकट्यासकट ते चघळत बसतात. एखादी वस्तू बंद करताना तिच्या जागी काय यायचे, हे ठरवले नाही तर बाजार ते आपल्या सोयीने ठरवतो. पालिकेने भांडी विकत घेतली ती या अनुभवानंतर, असे खिडकीवर समजले.

एका संचात ताट, दोन वाट्या, पेला आणि चमचा येतो व त्याचे भाडे तीन रुपये आहे. मी तीनशे संच घेतले, म्हणजे नऊशे रुपये. मोठी पातेली, पिंपे, झारे आणि डाव मिळून आणखी चारशे. अनामत पाच हजार. प्रत्येक वाटीच्या बुडाशी पालिकेचे चिन्ह आणि अनुक्रमांक कोरलेला आहे, आणि ही गोष्ट दिसते त्यापेक्षा फार महत्त्वाची आहे, कारण पुढे जे घडले ते त्या अनुक्रमांकामुळेच निभावले. खिडकीवरच्या मावशी स्त्रीशक्ती संघातल्या, म्हणजे बायकांच्या बचतगटातल्या, आहेत. त्यांनी माझ्यासमोर दहा-दहाच्या चवडी लावल्या, मला मोजायला लावल्या आणि म्हणाल्या, "मोजून न्या काका, मोजून आणा, मग भांडण न्हाई." देवळाच्या वहीनंतर इतक्या वर्षांनी गावात पुन्हा एखाद्या वस्तूची परत येण्याची वाट कोणीतरी वहीत बघत आहे, हे पाहून बरे वाटले.

त्याच खिडकीवर मला एक नवीन माहिती मिळाली. घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार, परवाना नसलेल्या जागी शंभरांहून अधिक माणसांचा कार्यक्रम करायचा असेल तर किमान तीन कामाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवावे लागते आणि कार्यक्रमाचा कचरा जागीच वेगळा करून द्यावा लागतो. मी आयुष्यात अशी दहा-बारा कार्ये केली असतील. कोणी कधी विचारले नाही आणि मी कधी कळवले नाही. इथे मात्र भांड्यांच्या अर्जातच ती माहिती भरून घेतात. वेगळी नोटीस नाही, दंडाची धमकी नाही. माणूस स्वतःच्या गरजेसाठी खिडकीवर आलेला असताना कायद्याचा कागदही त्याच्याकडून भरून घेतला जातो आणि कार्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या कचऱ्याची गाडी दारात येते. हे ज्याने सुचवले त्याला माझा नमस्कार.

आता हिशेब. जेवण उत्तम झाले, वऱ्याचे तांदूळ खाणाऱ्या उपासकऱ्यांसकट सर्वांचे झाले. पण तीनशे ताटे आणि सहाशे वाट्या घासायला चार बायका लावाव्या लागल्या आणि त्यांची मजुरी दोन हजार रुपये झाली. म्हणजे एकूण खर्च तेहतीसशे. कागदी ताट-वाटी-पेल्याच्या संचाचा केटररने सांगितलेला दर नऊ रुपये होता, म्हणजे सत्तावीसशे. मी सहाशे रुपये जास्त मोजले. माझ्यासारख्या निवृत्त मास्तराला हट्टापायी ते परवडते. मुलीच्या लग्नात आधीच कर्जात बुडालेल्या बापाने ते का मोजावेत, याचे उत्तर माझ्याजवळ नाही. शिवाय घासण्याचे तेलकट पाणी परसातून गटारात गेले ते वेगळेच.

हा हिशेब मी मावशींना दाखवला तेव्हा त्यांनी मुद्द्यावर बोट ठेवले. पालिकेने ताटे घेतली, पण घासण्याची सोय केली नाही. भाडे कितीही कमी ठेवले तरी स्टीलचा खरा खर्च घासण्यात आहे, आणि तो यजमानाच्या माथी राहतो. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहराने २०१६ मध्ये एक युरो अनामतीवर कॉफीचे पेले सुरू केले, तेव्हा पेला कोणत्याही सहभागी दुकानात परत करता येईल आणि तो दुकानदारच धुईल, अशी व्यवस्था केली होती. गिऱ्हाइकाने फक्त परत करायचा. आपल्याकडे यंत्राचीही गरज नाही. केंद्राच्या मागे मोकळी जागा आहे. तिथे ओटा, गरम पाण्यासाठी सोलर बंब, खरकटे अडवणारी जाळी आणि तेल वेगळे काढणारा हौद एवढे बांधले, आणि संघातल्या बायकांना संचामागे ठरावीक घासणावळ दिली, तर चार घरच्या ताटांचे काम एका जागी स्वस्तात होईल. तूर्त यजमानाला चारही बायका स्वतः शोधाव्या लागतात.

हिशेबाची दुसरी बाजू पालिकेच्या बाजूने लिहायला हवी. तीनशे कागदी ताटे, सहाशे वाट्या आणि तीनशे पेले उचलून, गाडीत भरून, डेपोपर्यंत नेण्याचा खर्च कोण करते? तो घरपट्टीबरोबर वसूल होणाऱ्या कचरा उपकरातून जातो, म्हणजे ज्याने स्टीलमध्ये पंगत बसवली त्यानेही तो दिलेला असतो. कागदी ताटांतल्या कार्याला उचलणावळ लावली आणि स्टीलच्या कार्याला ती माफ केली, तर माझे सहाशे रुपये आपोआप फिटतात आणि पालिकेला खिशातून काही घालावे लागत नाही. गावातल्या मंगल कार्यालयांना दरवर्षी व्यवसाय परवाना घ्यावा लागतो. त्या परवान्यातच धुण्याच्या सोयीची अट घालता येते. नव्या कायद्याची वाट न बघता पालिकेच्या हातात असलेली ही साधी साधने आहेत. भांड्यांच्या खिडकीला मी पाचपैकी चार गुण देतो. घासणीची सोय झाली तर पाचवाही देईन.

दुसऱ्या खिडकीविषयी थोडक्यात लिहितो. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या स्वच्छता मोहिमेत शहरोशहरी जुने कपडे, पुस्तके, खेळणी, चपला घेणारी केंद्रे उघडली गेली. त्याच धर्तीवर ही खिडकी आहे. घर रिकामे करताना मी इथे चार पोती सामान आणून दिले. घेणाऱ्या बाईंनी हसतमुखाने घेतले आणि पावतीही दिली. महिन्याने गेलो तेव्हा पुस्तके आणि मुलांची सायकल गेली होती, कपड्यांचे पोते मात्र तसेच कोपऱ्यात होते. कारण उघड आहे. चांगले कपडे या खिडकीपर्यंत पोहोचतच नाहीत. ते दारावर येणाऱ्या बोहारणीला जातात, कारण ती दोन साड्यांवर एक स्टीलचा डबा देते. पालिका नुसते आभार मानते. बोहारणीने नाकारलेले कपडे वाकळेला जातात. आमच्या आईने शिवलेल्या वाकळेत तीन पिढ्यांची लुगडी आहेत आणि शेजारच्या कन्नड घरी तिलाच कौदी म्हणतात. वाकळेलाही जे चालत नाही ते पुसणे होते, आणि पुसण्यालाही नकोसे झालेले कापड या पोत्यात येते. तेव्हा पोते कोपऱ्यात राहिले तर नवल नाही.

भंगाराचेही तेच आहे. जुन्या घराच्या खिडक्यांचे गज, पाण्याची टाकी, तुटका नांगर असे लोखंड मी भंगारवाल्याला दिले. ते वर्गवारी होऊन भट्ट्यांकडे जाते, कारण बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे भागांतल्या ओतकामाच्या कारखान्यांना मोडीचे लोखंड लागतेच. हे चक्र पालिकेच्या जन्माआधीपासून फिरते आहे. मग पालिकेने काय करावे? माझे मत असे, की या माणसांशी स्पर्धा करू नये. त्यांना जागा द्यावी. आमच्या गावचे भंगारवाले रस्त्याच्या कडेला, पावसात, पोलिसांच्या नजरेखाली वर्गवारी करतात. बोहारणी देवळाच्या कट्ट्यावर गाठोडी सोडतात. जकात नाक्याच्या आवारात त्यांना छप्पर, पाणी, वजनकाटा आणि ओळखपत्र दिले तर ही खिडकी न चालवताच चालेल. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांतच कचरावेचकांना ओळख देऊन व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली होती. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून कचरावेचकांची संघटना म्हणून उभी आहे, आणि तिच्यातूनच निघालेल्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी पुणे महापालिकेने दारोदार संकलनाचा करार केला. बंगळूरमध्ये वॉर्डावॉर्डातली सुक्या कचऱ्याची केंद्रे कचरावेचकांनीच चालवल्याची उदाहरणे आहेत. आमच्याकडे मात्र पौरकार्मिक, म्हणजे पालिकेचा सफाई कामगार, आणि भंगारवाला एकाच गल्लीतून जातात आणि एकमेकांकडे बघत नाहीत.

याच खिडकीवर एक लहान पण टोचणारी गोष्ट आहे. काय घेतले जाते आणि काय नाही, याचा फलक फक्त कन्नडात आहे. मला कन्नड वाचता येते. माझ्या आईला येत नाही, आणि गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांना येत नाही. परिणामी फुटक्या काचा, औषधांच्या बाटल्या आणि संपलेले सेल खेळण्यांच्या पोत्यात येऊन पडतात आणि बायकांचे हात कापतात. सीमाभागात भाषेचा प्रश्न निघाला की लगेच आवाज चढतात, म्हणून मी तो वाद इथे आणत नाही. पालिकेने दोन्ही भाषांत लिहावे, तेही जमत नसेल तर नुसती चित्रे काढावीत. काचेच्या तुकड्याचे चित्र कोणत्याही भाषेत कळते. या खिडकीला पाचपैकी दोन.

खताच्या खिडकीवर माझी निराशा झाली, आणि थोडा रागही आला. नव्या घराच्या परसात आंबा, कढीपत्ता आणि थोडी फुलझाडे लावायची म्हणून मी वीस-वीस किलोंची पाच पोती घेतली. किलोला पाच रुपये हा दर रास्त आहे. वास चांगला होता, मातकट, पावसाळी. म्हणजे कुजण्याची क्रिया नीट झाली होती. पण पोते उघडून पसरल्यावर त्यात वेफर्सच्या पुड्यांचे चिंध्या झालेले तुकडे, शाम्पूच्या सॅशेच्या कडा आणि दोन-चार काचेचे बारीक कण निघाले. मी घरच्या चाळणीने सर्व शंभर किलो चाळले आणि दोन संध्याकाळी त्यात घालवल्या. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टची प्रत ठरवून दिली आहे. त्यातली एक अट अशी, की किमान ९० टक्के खत ४ मिलिमीटरच्या चाळणीतून गेले पाहिजे. ती अट चाळणी लावून पूर्ण होईल, पण काचेचा कण चार मिलिमीटरहून लहान असू शकतो आणि प्लॅस्टिकचा तुकडा तर त्याहूनही. हा दोष खताच्या खड्ड्यात दूर होत नाही. तो घरातल्या डब्यात दूर व्हावा लागतो.

म्हणून मी एके दिवशी सकाळी आमच्या गल्लीत येणाऱ्या कचरागाडीबरोबर चालत गेलो. गाडीला ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे दोन कप्पे आहेत, मध्ये पत्रा आहे. पहिल्या दहा घरांत सात जणांनी वेगळा करून दिला. अकराव्या घराने एकत्र दिला, पौरकार्मिकाने हाताने जमेल तेवढा वेगळा केला. विसाव्या घरानंतर गाडी भरत आली, वेळ होत आला आणि मग तो जे येईल ते कोणत्याही कप्प्यात टाकू लागला. त्याला दोष देता येत नाही. त्याच्या अंगावर साडेचारशे घरे आहेत. पण ज्या सात घरांनी वेगळा करून दिला त्यांनी गच्चीवरून हे पाहिले असेल, तर उद्या तेही एकत्र देतील. शेजारच्या ग्रामपंचायतीत याहून बरी स्थिती आहे. तिथे 'स्वच्छ वाहिनी' नावाची छोटी गाडी बचतगटातलीच बाई चालवते, तिला घरोघरची सून ओळखते आणि एकत्र कचरा दिला की ती तो सरळ परत देते. "उद्या वेगळा करून ठेव, मग नेते," असे ओळखीच्या बाईने म्हटले की त्याचा जो परिणाम होतो तो दंडाच्या पावतीने होत नाही.

वेगळा करण्याची सवय लागू शकते याचा पुरावा शोधायला आम्हाला फार लांब जावे लागत नाही. आंबोली घाट उतरून सावंतवाडीच्या पुढे वेंगुर्ले लागते. तिथल्या नगरपरिषदेने कचरा डेपोच्या जागी बाग केली, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस काढला, प्लॅस्टिकचे तुकडे करून डांबरी रस्त्यात वापरले, आणि हे सर्व शक्य झाले ते घराच्या दारातच कचरा अनेक प्रकारांत वेगळा होऊ लागल्यामुळे. कऱ्हाड नगरपरिषद २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतील लोकसंख्येच्या शहरांत देशात पहिली आली. दोन्ही गावे आमच्यासारखीच नगरपालिकेची आहेत. त्यांना कोणी स्मार्ट सिटीचा निधी दिला नव्हता. जपानमधले कामिकात्सू हे तर दीड हजारांच्या आसपास वस्तीचे खेडे आहे, तेथील लोक कचरा चाळीसहून अधिक प्रकारांत वेगळा करतात. आम्हाला दोन प्रकार जड जातात, हे कबूल करायला लाज वाटते.

खताविषयी रागाचे दुसरे कारण वेगळे आहे. ज्या दिवशी मी पोती घेतली, त्याच दिवशी पालिकेच्या उद्यानात बाहेरगावच्या कंपनीचे खत उतरवले जात होते. चौकशी केली तेव्हा कळले, की उद्यानाची निविदा वेगळी, केंद्राचा हिशेब वेगळा आणि निविदेत "सेंद्रिय खत, नोंदणीकृत कंपनीचे" असे लिहिलेले असल्यामुळे ठेकेदाराला केंद्राचे खत घेताच येत नाही. म्हणजे पालिका एका हाताने खत करते, ते विकले जात नाही म्हणून कुरकुर करते, आणि दुसऱ्या हाताने तेच बाहेरून विकत घेते. वस्तू पुन्हापुन्हा वापरात आणणाऱ्या चक्रीय अर्थव्यवस्थेवर मोठमोठ्या कार्यशाळा घेण्याआधी पालिकेने आपल्याच निविदांतले शब्द बदलावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. गावात सर्वांत मोठे गिऱ्हाईक पालिकाच असते. उद्याने, रस्त्याकडेची झाडे, शाळांची मैदाने यांसाठी तिने प्रत तपासून स्वतःचे खत घेण्याचे ठरवले, तर खत विकण्याचा प्रश्न सुटतो आणि प्रत सुधारण्याची निकडही आपोआप लागते, कारण काच टोचेल ती तिच्याच माळ्याला. आमचा भाग उसाचा आहे. साखर कारखान्याची मळी इथेनॉलला जाते, चोथा बॉयलरला आणि रस गाळून उरलेला प्रेसमड शेतात. गुऱ्हाळात तर उसाचे वाळलेले चिपाडच त्याच उसाच्या रसाखाली चुलाणात जळते. शेतकऱ्याला वाया न घालवणे शिकवावे लागत नाही. काचमिश्रित खत मात्र तो एकदा फसून घेईल, पुन्हा घेणार नाही. खताच्या खिडकीला अडीच, तेही वासासाठी.

आता नसलेल्या खिडकीविषयी, कारण माझा सर्वाधिक त्रास तिथेच झाला. जुने घर उतरवताना सागवानी तुळया, दारे आणि चौकटी जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने नेल्या. कौले एका शेतकऱ्याने गोठ्यासाठी नेली. खानापूरकडची ती जुनी भाजणी, आजही वाजवली की खणखणीत आवाज येतो. जांभ्याचे चिरे कुंपणाला लागले. भिंतींची पांढरी माती नेण्यासाठी तर दोघा शेतकऱ्यांत चढाओढ लागली, कारण जुन्या घरांची ती माती रानात टाकली की पीक चांगले येते, असा इथल्या जुन्या माणसांचा अनुभव आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या घरातली जवळपास प्रत्येक वस्तू कोणाला तरी हवी होती. कोणालाच नको होती ती १९९० नंतर आम्ही बांधलेली मागची खोली: सिमेंटचा गिलावा, काँक्रीटचे तुकडे, फुटक्या फरशा आणि संडासाची चिनीमातीची भांडी, मिळून तीन ट्रॉल्या.

२०१६ च्या बांधकाम व पाडकाम कचऱ्याच्या नियमांत स्थानिक संस्थेने असा कचरा घेण्यासाठी जागा ठरवून द्यावी आणि सरकारी व पालिकेच्या कामांत अशा कचऱ्यापासून बनवलेले साहित्य १० ते २० टक्के वापरले जावे, अशा तरतुदी होत्या. केंद्रावर विचारले तर "इथे घेत न्हाई काका" एवढेच उत्तर मिळाले. ट्रॅक्टरवाल्याने रात्री नाल्याच्या काठावर टाकून येण्याची तयारी दाखवली, "सगळेच टाकतात" असेही म्हणाला, आणि नाल्याकाठी जाऊन पाहिले तर खरोखरच सगळ्यांनी टाकले होते. मी तीन ट्रॉल्या सव्वा महिना दारात ठेवल्या, शेजाऱ्यांची बोलणी खाल्ली आणि अखेर पलीकडच्या गल्लीत एकाच्या जोत्याची भरणी निघाली तेव्हा स्वतःच्या भाड्याने तिथे नेऊन टाकल्या. त्याला भरणीसाठी मुरूम विकत आणावा लागला असता, मला टाकायला जागा नव्हती. आम्हा दोघांची गाठ चहाच्या टपरीवर पडली. ही गाठ घालून देणे हेच पालिकेचे काम आहे. बांधकाम परवाना आणि पाडण्याची परवानगी दोन्ही तिच्याच कचेरीत मिळतात, एकाच टेबलावर. कोणाकडे राडारोडा निघणार आहे आणि कोणाला भरणी हवी आहे, याची एक वही ठेवायला किती खर्च येईल? एक आवार, एक वही आणि पुढे जमल्यास खडी करणारे लहान यंत्र. कारागिरांच्या दुरुस्तीच्या दुकानांबाबतही हेच म्हणता येईल; मिक्सर, छत्री, शेगडी, पंप दुरुस्त करणारे चार जण गावात आहेत आणि चौघांनाही भाड्याची जागा परवडत नाही, तर पालिकेच्या व्यापारी संकुलात वरच्या मजल्यावरचे गाळे वर्षानुवर्षे रिकामे आहेत.

ज्यांना केंद्र वापरायचे आहे त्यांच्यासाठी व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. वेळ सकाळी दहा ते पाच, मंगळवारी बंद, दुपारी एक ते दोन खिडकी बंद असते आणि ती नेमकी वेळेवर बंद होते. भांड्यांसाठी आधार कार्डाची प्रत आणि अर्ज लागतो, अनामत रोख द्यावी लागते. टेम्पो स्वतः आणावा. लग्नसराईत, विशेषतः वैशाखात, दोन तारखा एकमेकींवर आल्या तर संच कमी पडतात, म्हणून मुहूर्त निघाला की त्याच आठवड्यात नोंद करावी. भांडी परत करताना त्यांच्यासमोर मोजून द्यावीत. घाई करू नये, मावशीही करत नाहीत.

माझ्या सहाशे वाट्यांपैकी पाचशे त्र्याण्णव परत गेल्या. सात वाट्यांचे प्रत्येकी पंचवीस रुपयांप्रमाणे एकशे पंचाहत्तर रुपये अनामतीतून कापले गेले आणि तशी पावती मिळाली. पंधरा दिवसांनी शेजारच्या वहिनींच्या घरी चहाला गेलो तेव्हा चिवडा ज्या वाटीत आला तिच्या बुडाशी पालिकेचा अनुक्रमांक होता. वास्तुशांतीच्या दिवशी राहिलेली वांग्याची भाजी आम्हीच त्या वाटीतून त्यांच्याकडे पाठवली होती. मग गल्लीत चौकशी केली आणि एकूण पाच वाट्या सापडल्या. त्या घेऊन केंद्रावर गेलो तेव्हा मावशींनी जुनी वही काढली, माझी ओळ शोधली, अनुक्रमांक ताडून पाहिले आणि एकशे पंचवीस रुपये मोजून हातावर ठेवले. राहिलेल्या दोन वाट्यांसमोर त्यांनी पेन्सिलीने खूण करून ठेवली आहे.